मशीन नोव्हेंबरातच सुरू करून बघा

अपार्टमेंट सोडून यंदा ज्यांनी पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, शिकागो, टोरांटो अशा बर्फाच्या मुलखात दरवर्षी किती तरी मराठी कुटुंबं नव्याने घरमालक होतात. भाड्याने राहत होतो तोवर पार्किंगमधला बर्फ पहाटेच कुणी तरी येऊन काढून जायचं. आता ड्राइव्हवे आपला, घरासमोरचा फुटपाथ ठरलेल्या तासांत मोकळा करायची जबाबदारी बहुतेक गावांत आपली, आणि पाइप फुटला तर पाणीही आपल्याच बेसमेंटमध्ये साचणार.

कोकणात मृगाच्या आधी आगोटीची कामं उरकतात. कौलं परततात, लाकूडफाटा पडवीत येतो, मीठमिरची भरली जाते. धो धो पावसात छपरावर चढायची वेळ शहाणं घर स्वतःवर येऊ देत नाही. इथल्या हिवाळ्यालाही हीच शिस्त लागते. ‘विंटर स्टॉर्म वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे. ‘वॉर्निंग’ म्हणजे ते आलंच. ताशी ३५ मैल किंवा त्याहून जोराचा वारा, पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे सलग तीन तास चालणार असेल तर हवामान खातं त्याला ‘ब्लिझर्ड’ म्हणतं. वॉर्निंग लागल्यावर दुकानात गेलात तर मिठाच्या पिशव्या संपलेल्या असतात, फावडी संपलेली असतात, आणि बर्फ काढणारं मशीन (स्नोब्लोअर) दुरुस्त करणाऱ्याकडे आपल्याआधी अख्खं गाव रांगेत असतं. तहान लागल्यावर विहीर खणून इथे खरोखरच भागत नाही.

मुळात काम केवढं आहे हे आधी समजून घ्या. दोन गाड्या मावतील असा साधारण १००० चौरस फुटांचा ड्राइव्हवे धरा. त्यावर एक फूट भुसभुशीत बर्फ पडला तर त्याचं वजन होतं जवळपास २८०० किलो. मार्चमधला ओला, जड बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. हे सगळं फावड्याने उचलून बाजूला फेकायचं असतं. म्हणून स्नोब्लोअर घेणं ही चैन नव्हे. मात्र घेतलेलं मशीन त्या सकाळी सुरू व्हायला हवं, आणि तिथेच बहुतेक घरांचं घोडं अडतं.

न सुरू होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे गेल्या मार्चपासून टाकीत राहिलेलं पेट्रोल. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि एकदोन महिन्यांत पेट्रोल उतरायला लागतं. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत बसतो. मग दोरी कितीही ओढा, इंजिन खोकून गप्प होतं. जुनं पेट्रोल काढा. ते गटारात ओतू नका, गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. नवीन पेट्रोल आणलं की कॅनमध्येच स्टॅबिलायझर मिसळा. वसंतात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, तर पुढच्या वर्षीची ही डोकेदुखीच उरत नाही. ऑइलच्या कांडीवर पातळी बघा. बहुतेक फोर-स्ट्रोक स्नोब्लोअरला थंडीत चालणारं ५डब्ल्यू-३० ऑइल लागतं, तरी मशीनचं पुस्तक उघडून खात्री करा. स्पार्क प्लग काळवंडला असेल तर बदला; थोडक्या पैशांचं काम आहे. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी नसेल तर मशीन एका बाजूला ओढत राहतं.

आता शिअर पिन. टू-स्टेज मशीनच्या तोंडाशी बर्फ आत ओढणारा मोठा स्क्रू असतो, तो ऑगर. तो बर्फ मागच्या पंख्याकडे देतो आणि पंखा तो धुराड्यासारख्या नळीतून लांब फेकतो. ऑगर ज्या दांड्यावर फिरतो, त्याला आरपार एक छोटा बोल्ट असतो, मुद्दाम मऊ धातूचा. ऑगरमध्ये दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं, की हा बोल्ट तुटतो आणि आतला महागडा गिअरबॉक्स वाचतो. तुटणं हेच त्याचं काम. तो तुटला की एका बाजूचा ऑगर फिरायचा थांबतो आणि मशीन अर्धाच बर्फ खातं. अशा वेळी हाताशी लागला म्हणून साधा कडक बोल्ट ठोकून देणं म्हणजे पुढच्या दगडाला गिअरबॉक्स बहाल करणं. आपल्या मॉडेलच्या चारसहा पिना आत्ताच आणा आणि एका छोट्या पिशवीत घालून मशीनच्या दांड्याला टेपने चिकटवून ठेवा. वादळात, काळोखात, हातमोजे घालून त्या शोधाव्या लागू नयेत.

ऑगरच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या असतात, स्किड शू. डांबरी ड्राइव्हवे असेल तर त्या अशा बसवा की मशीनची खालची धार जमिनीला जवळजवळ टेकेल; खडीचा असेल तर धार इंचभर वर राहू द्या, नाही तर खडी शेजाऱ्याच्या काचेवर जाईल. खडीच्या वाटेवर रबरी पात्यांचं सिंगल-स्टेज मशीन चालवूच नका. नळीच्या आतून सिलिकॉनचा स्प्रे मारला की ओला बर्फ कमी चिकटतो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी गराजमध्ये न ठेवता घरात उबेला ठेवा. कडाक्याच्या थंडीत ती कमी चालते.

हे सगळं झालं की मशीन बाहेर आणा, सुरू करा, दहा मिनिटं चालू द्या, ऑगर फिरतो का आणि चाकं पुढे-मागे जातात का ते बघा. मग ते गराजच्या दाराशी ठेवा. सायकली आणि रिकाम्या खोक्यांच्या मागे ठेवलेलं मशीन अर्ध्या रात्री बाहेर निघत नाही. पहिल्या बर्फाआधी ड्राइव्हवेवरून एक फेरी मारा. बागेचा पाइप, पायपुसणं, मुलांचा चेंडू उचला. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवा. जमीन गोठल्यावर त्या आत जात नाहीत, आणि बर्फाखाली कडा कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही.

मशीन चालवताना एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ओला बर्फ नळीत अडकला की हात तिकडेच जातो. दरवर्षी हजारो माणसं याच मशीनच्या जखमांनी इमर्जन्सीत पोचतात, आणि त्यांत बोटं गमावलेलेही असतात. इंजिन बंद केलं तरी पट्ट्यात ताण उरलेला असू शकतो. अडकलेला बर्फ सुटताच पातं अर्धा फेरा फिरतं, आणि बोटांना तेवढं पुरतं. इंजिन बंद करा, सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबा, आणि मशीनबरोबर मिळणाऱ्या काठीनेच बर्फ काढा. हात घालू नका, हातमोजा घातलेला असला तरी. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका. मुलांना समोर उभं राहू देऊ नका.

फावड्याचं काम तरीही उरतंच, पायऱ्यांचं, मागच्या दाराचं. इथे मला आपल्या घरांची विशेष काळजी वाटते. दक्षिण आशियाई माणसांना हृदयविकार इतरांपेक्षा जास्त होतो आणि कमी वयात होतो, हे वैद्यकात सर्वमान्य आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यातच वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस श्वास रोखून ओला बर्फ उचलतो. जड स्नोब्लोअर रेटतानाही हृदयावर ताण येतो, हे विसरू नका. तेव्हा चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर हिवाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. फावडं लहान घ्या, शक्य तिथे उचलण्यापेक्षा ढकला, पोटभर जेवून लगेच बाहेर पडू नका, दर पंधरा मिनिटांनी आत या. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, विनाकारण घाम यांतलं काहीही जाणवलं तर काम तिथेच टाका आणि ९११ ला फोन करा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घटकाभर पडून बघू नका.

आणि भारतातून आलेले आई-बाबा. सूनमुलगा कामावर गेलेत, आपण रिकामे बसलोय, एवढं तरी करू, म्हणून सत्तरीतले बाबा सासऱ्याच्या हक्काने फावडं घेऊन बाहेर पडतात. त्यांची माया मोठी आहे, पण त्यांच्या हृदयाला या थंडीची सवय नाही आणि पायांना बर्फाखालच्या निसरड्या काचेची नाही. त्यांना आधीच स्पष्ट सांगा, ‘बाबा, तुम्ही आतून चहा ठेवा, बाहेरचं आम्ही बघतो.’ फावडी त्यांच्या नजरेआड ठेवावी लागली तर ठेवा.

वादळात माणसं मारणारी दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि तिला वासही नाही, तो कार्बन मोनॉक्साइड वायू. २०१६च्या जानेवारीतल्या मोठ्या हिमवादळात न्यू जर्सीतल्या पॅसेइक गावी वडील गाडीभोवतीचा बर्फ काढत होते आणि आई दोन मुलांना घेऊन उबेसाठी चालू गाडीत बसली होती. एक्झॉस्टची नळी बर्फाने बुजलेली होती. आई आणि दोन्ही मुलं दगावली. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी गराजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतली, घरात कोळसा पेटवला, आणि त्यात जीव गमावले. गाडी सुरू करण्याआधी मागची नळी मोकळी करा. स्नोब्लोअर गराजमध्ये सुरू करू नका, दार उघडं असलं तरी नाही. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब आणि खिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवा. गॅसच्या शेगडीवर घर तापवू नका, बार्बेक्यू घरात आणू नका.

नव्या प्रकारच्या बऱ्याच फर्नेसची हवा आणि धूर छपरावरून न जाता बाजूच्या भिंतीतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांतून जातो, जमिनीपासून फार वर नाही. वाऱ्याने बर्फ साचला की त्या बुजतात. मग फर्नेस बंद पडते, नाही तर धूर घरात शिरतो. आपल्या घराच्या या नळ्या कुठे आहेत ते आज उजेडी बघून ठेवा आणि वादळात दर काही तासांनी मोकळ्या करा. स्नोब्लोअरची धार त्या भिंतीवर कधीही सोडू नका. मोनॉक्साइडचा डिटेक्टर प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ हवा. त्याचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं असतं. जुन्या मालकाने लावलेला असेल तर मागची तारीख वाचा.

पाण्याचं काम त्या मानाने सोपं आहे, पण तेच सर्वांत जास्त राहून जातं. बाहेरच्या नळाचा बागेचा पाइप सोडवा, आतून त्याचा व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. घराचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नका, भारतात गेलात तरी. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळाला बारीक धार सोडा. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पाइप फुटल्यावर तो शोधण्यात गेलेली पंधरा मिनिटं म्हणजे बेसमेंटभर पाणी.

प्रत्यक्ष वादळात सगळं थांबायची वाट पाहू नका. सहा इंच झाले की एकदा काढा. सगळ्यांचं डोकं फिरतं ते गावाच्या प्लोमुळे. आपण ड्राइव्हवे साफ करतो आणि तो तोंडाशी गोठलेला बांध घालून जातो. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा: प्लो डावीकडून उजवीकडे जातो. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला रस्त्याच्या कडेची आणखी दहाएक फूट जागा मोकळी करा, म्हणजे त्याचा पुष्कळसा बर्फ तिथेच पडेल, आणि आपला बर्फ उजवीकडे टाका. साधं मीठ १५-२० फॅरनहाइटच्या खाली नीट काम करत नाही; त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरा. घरासमोर हायड्रंट असेल तर त्याच्या भोवतीचे तीन फूट मोकळे ठेवा.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिजमधलं अन्न चार तास टिकतं, भरलेल्या फ्रीझरमधलं दोन दिवस. फोन चार्ज, औषधं आणि बाळाचं दूध आठवड्याचं, गाडीत निम्म्याहून जास्त पेट्रोल, एवढं झालेलं असलं की वादळात बाहेर पडायचं कारण उरत नाही. २०२२च्या नाताळातल्या हिमवादळात बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून, काही गारठलेल्या घरात, काही बर्फ काढताना. कित्येक ठिकाणी रुग्णवाहिका पोचूच शकल्या नाहीत.

तेव्हा या शनिवारी दोन तास काढा. मशीनची दोरी ओढा, डिटेक्टरचं बटण दाबून बघा, मुख्य व्हॉल्व्ह मुलांना दाखवा. आणि शेजारच्या एकट्या आजींचा फोन नंबर आजच घेऊन ठेवा. तुमचं मशीन सुरू झालं, तर त्यांचाही ड्राइव्हवे तुम्हीच काढा.