घडीचा चाकू घेताना

चिपळूणकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा पुण्याजवळच्या एका गोदामात कामाला लागला. दिवसभर खोकी फोडायची, सुतळ्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या, खोलीवर आल्यावर स्वतःचा कांदा-टोमॅटो स्वतः चिरायचा. एक घडीचा चाकू घ्यावा असे त्याच्या मनात आहे. त्याच्या अब्बांचा मात्र ठाम विरोध आहे. घरात दहा सुऱ्या असू देत, पण पोराच्या खिशात चाकू नको, असे ते म्हणतात. बरोबर कोण, आणि घ्यायचाच झाला तर थोड्या पैशांत कोणता घ्यावा, असे दोन प्रश्न भगिनींनी विचारले आहेत.

अब्बांची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. रात्री नाकाबंदीत खिसे तपासले जातात तेव्हा सफरचंद कापायचा चाकू आणि भोसकायचा चाकू यांतला फरक समजावून सांगण्याची वेळ कोणावर येते आणि तो किती शांतपणे ऐकून घेतला जातो, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून पाते, पोलाद आणि किंमत यांच्या आधी कायद्याचे बोलू.

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालच्या नियमांत ज्या धारदार हत्यारांची यादी आहे, तीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, चाकू, तलवारी येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठीच बनवलेली साधने तीतून वगळलेली आहेत. तीन इंचांचा घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. एवढे वाचून बरेच जण निर्धास्त होतात आणि इथेच फसतात. आपल्या राज्यात आणखी एक कायदा आहे, १९५१ सालचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशात काठ्या, लाठ्या, तलवारी यांच्याबरोबर चाकू हा शब्द असतोच, शिवाय ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ असेही असते. तिथे इंचांचा हिशेब नाही. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे असे आदेश निघतात, बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि कोणी ती वाचत नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा मुलाने चाकू घ्यावा, पण खिशात घालून हिंडू नये, असे आमचे मत. कामाच्या पिशवीत, डब्याशेजारी, पेचकस-पक्कड यांच्या सोबतीला तो ठेवावा. कामावरून येता-जाता पिशवीत असलेला चाकू आणि रात्री अकरा वाजता चौकात उभ्या असलेल्या मुलाच्या पँटच्या खिशातला चाकू, वस्तू एकच असली तरी अर्थ वेगळा होतो. शहरात मनाई आदेश लागू असेल त्या दिवसांत तो सरळ गोदामातल्या कपाटात किंवा खोलीवर राहू द्यावा. मिरवणूक, सभा, सामना, न्यायालय, मेट्रो, इथे कधीच नेऊ नये. विमानाने जाणाऱ्यांनी तो हातातल्या सामानात ठेवू नये. सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि परत मिळत नाही. मोठ्या, आधी जमा करायच्या बॅगेत चालतो.

आणि एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितो. स्वसंरक्षणासाठी म्हणून चाकू बाळगायचा विचार असेल तर घेऊच नये. हा सल्ला मुलींच्या पर्समध्ये चाकू ठेवायला सांगणाऱ्या आयांनाही आहे. झटापटीत घडीचा चाकू उघडायलाच दोन हात लागतात, समोरच्याच्या हाती गेला तर तो आपल्यावरच उलटतो, आणि नंतर ठाण्यात ‘संरक्षणासाठी ठेवला होता’ हे वाक्य आपल्याच विरुद्ध जाते.

आता चाकूकडे वळू. बाजारात गेल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती काळ्या रंगाच्या, करवतीचे दात असलेल्या, मुठीवर कवटी नाही तर गरुड कोरलेल्या चाकूंवर. ते अडीचशे-तीनशे रुपयांत मिळतात आणि तरुण मुलांना भुरळ घालतात. ते घेऊ नयेत. त्यांचे पोलाद हलके असते हे एक कारण, पण मोठे कारण असे की त्यांचे रूपच हत्याराचे आहे. तीच गोष्ट खटक्याच्या चाकूची. रामपूरच्या कारागिरांनी, त्यांतले बहुतेक आपलेच लोहार, नवाबी काळापासून ही कला पोसली. तिचे कौतुक आम्हाला आहे. पण हिंदी सिनेमाने रामपुरी खलनायकाच्या हातात असा काही बसवला, की आज तो शब्द उच्चारला तरी समोरचा दचकतो. भिंतीवर शोभेल; कामाच्या पिशवीत नको. लाकडी मुठीचा, चकचकीत साध्या पात्याचा, फळे कापायचा वाटेल असा चाकू घ्यावा. त्याचे रूपच त्याची अर्धी बाजू मांडते.

लांबी किती असावी? मध्यम सफरचंदाची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास असते. पाते तेवढे किंवा त्याहून थोडे मोठे असले की फळ, पाव, दोरी, खोके, सगळे निभते. ८-८.५ सेंटिमीटरच्या पुढे जायचे कारण नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी नातेवाइकांना हे माप कायद्यानेच घालून दिलेले आहे. तिथे काही कारण न सांगता जवळ बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धारेचा आणि उघडल्यावर कुलूप न लागणारा घडीचा चाकू. इथून कोणासाठी भेट नेणार असाल तर हे लक्षात ठेवा.

कुलूप म्हणजे काय, तेही सांगतो, कारण दुकानदार त्याचे भारी कौतुक करतात. साध्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादी पट्टीची कमान असते. तिच्या दाबाने पाते उघडे राहते, पण पाठीकडून जोर आला तर मिटते. बोटे तिथेच असतात. कुलूपवाल्या चाकूत उघडल्यावर मुठीतली एक पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते आणि ती बाजूला सारल्याशिवाय पाते मिटत नाही. फळे कापणाऱ्याला साधा पुरतो. खोक्याला भोक पाडणाऱ्याला, घट्ट पट्टी ओढून कापणाऱ्याला कुलूप हवे. मात्र स्वस्त चाकूतले कुलूप म्हणजे पुष्कळदा नावापुरते. दुकानातच पाहावे: पाते पूर्ण उघडावे, धार वर ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळू दोन-तीनदा आपटावी, बोटे धारेच्या वाटेतून दूर ठेवून. मिटले तर चाकू खाली ठेवून दुकानातून निघावे. पाते चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. खुळखुळले तर नको. मिटलेला चाकू तोंड खाली करून झटकावा. आपोआप उघडू लागला तर तो पिशवीत एखाद्याचा हात कापणार. उजेडासमोर धरून मिटलेले पाते मुठीच्या मधोमध बसते का, की एका बाजूला घासते, तेही दिसते. एवढे करायला दोन मिनिटे लागतात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

पोलादाचे शास्त्र मोठे आहे, पण घेणाऱ्याला तीन-चार नावे पुरतात. नुसते ‘स्टेनलेस’ कोरलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. ‘४२०’ असेल तर गंज धरणार नाही, पण धार लवकर जाईल आणि लवकर लागेलही. ‘४४०-सी’ किंवा ‘८ सीआर १३ एमओव्ही’ असेल तर बेताच्या किमतीत चांगला सौदा. ‘डी-२’ची धार फार टिकते, मात्र त्यात क्रोमियम जेमतेम बारा टक्के, समुद्राच्या हवेत त्यावर तांबूस ठिपके पडतात. रत्नागिरी-श्रीवर्धनच्या वाचकांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. साधे कार्बन पोलाद तर कैरी, लिंबू, कोकम कापले की काळवंडते. आपल्या विळीचे पाते काळे पडते तसेच. त्याने बिघडत काही नाही, पण पुसून ठेवायची सवय नसलेल्याने ते घेऊ नये.

परदेशातून येणाऱ्यांकडे दोन नावे नेहमी ऐकू येतात. एक स्विस चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली इबाख या गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवले आणि आज ज्याची नक्कल जगभर होते त्या लाल चाकूची १८९७ मध्ये नोंदणी केली. आईच्या व्हिक्टोरिया या नावात पुढे न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले. आखातातून येणाऱ्या भावाला काही आणायला सांगायचे असेल तर हाच सांगावा. ५८ मिलिमीटरचा सर्वांत लहान तर किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो आणि त्याला कोणी हत्यार म्हणणार नाही. फक्त त्याच्या लाल नकला इथल्या पदपथांवर ढिगाने आहेत. त्यांच्या कात्रीने दोरासुद्धा तुटत नाही.

दुसरे नाव ओपिनेल. फ्रान्सच्या सावोया प्रांतात जोसेफ ओपिनेल या लोहारपुत्राने १८९० साली शेतकऱ्यांसाठी केलेला हा चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, एक पाते, बस्स. १९५५ पासून त्याच्या गळ्याशी फिरणारे पोलादी कडे आहे. ते फिरवले की पाते पक्के. ८ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. त्याच्या देशात हा गरिबाचा चाकू. आपल्याकडे येईपर्यंत किंमत बरीच चढते, तरीही त्या पैशांत इतके चांगले पाते दुसरे आमच्या पाहण्यात नाही. आमची एकच तक्रार आहे. पावसाळ्यात त्याचे लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते. जुलै महिन्यात चिपळूणला तो उघडायचा म्हणजे नखे तुटतात. पुण्यात तेवढा त्रास होऊ नये.

मग भगिनींच्या मुलाने काय घ्यावे? निव्वळ खोकीच फोडायची असती तर आम्ही पन्नास-साठ रुपयांचे कटर सांगितले असते. बोथट झालेला तुकडा मोडून टाकायचा, नवा पुढे काढायचा. बऱ्याच गोदामांत मालकच ते देतो. आधी विचारून पाहावे. पण कटरने कांदा चिरता येत नाही आणि आंबा तर नाहीच. त्याला दोन्ही हवे आहे, तर लाकडी मुठीचा, कुलूप असलेला, साडेसात-आठ सेंटिमीटर पात्याचा, ‘४४०-सी’ किंवा ‘८ सीआर’ पोलादाचा साधा चाकू घ्यावा. आठशे ते बाराशे रुपयांत काम व्हावे. मुंबईला जाणे होत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर लोखंडी सामानाच्या दुकानांत हातात घेऊन पाहता येईल. पावती घ्यावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. कामावरचे ओळखपत्रही सोबत असावे. अब्बांना आमचा निरोप असा की मुलाला सोबत घेऊन चाकू तुम्हीच निवडा. खोक्यातून तो लपवून घरी आणण्यापेक्षा ते बरे.

घेतल्यावरची निगा सोपी आहे. बाजारातल्या विजेच्या चाकावर धार लावून घेऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा पात्याची कड इतकी तापते की पोलादाचे पाणी उतरते. कडेला निळसर झाक आली की समजावे, ती धार आता दोन दिवस टिकणार. सांगली-साताऱ्याकडे शिकलगार आडनावाची घरे आहेत. धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांतली जुनी माणसे आजही दगडावर पाणी टाकून सावकाश काम करतात. अशी एखादी हाताची ओळख असेल तर बकरी ईदच्या सुऱ्यांबरोबर हाही द्यावा. मात्र ईदच्या गर्दीत नको, आठवडाभर आधी. नसेल तर जाडी-बारीक अशा दोन बाजू असलेला दगड घरी आणावा. पाते दगडाशी साधारण वीस अंशांत धरायचे, दोन्ही बाजू सारख्या वेळा ओढायच्या आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाच-दहा हात उलटे फिरवायचे. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सरळ कापला गेला की झाले.

फळ कापल्यावर पाते धुऊन लगेच कोरडे करावे. मिटून ओला ठेवला की गंज सांध्यात शिरतो आणि तो निघत नाही. सांध्यात महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते काही दिवसांत चिकट होते आणि त्यात पिशवीतला सगळा कचरा जमा होतो.