कारण : संगत

पाळी बुडवून सोबत्याला व्यसनमुक्तीच्या ओपीडीत नेला. केसपेपर निघाला. काय घेता? किती? कधीपासून? उठल्याउठल्या लागते का? शेवटचा रकाना कारणाचा. डॉक्टरनं न विचारताच लिहिलं : संगत.

संगत म्हणजे मीच की हो!

बाकड्यावर नजर टाका, दोस्तांनो. गोदीतला हमाल : पोटात देशी, गालात तंबाखू. स्टेशनावरलं पोर : सोल्युशनचं फडकं, भूक मारायला. गटारात उतरणारा भाऊ उतरायच्या आधी क्वार्टर मारतो, नाहीतर त्या घाणीत पाय टाकवत नाही. त्याच्या कागदावर 'सकाळचे पिणे' लिहून गोल करतात, आजाराची खूण म्हणून. अरे, खराटा आणि बादलीसारखंच ते त्याचं हत्यार आहे! साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा. तरी मास्क मिळत नाही, क्वार्टर मिळते. आणि धंद्याच्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द : मजूर. कोणती जात कोणत्या भोकात उतरते, ते कागद विचारत नाही. मग म्हणे व्यसनाचा नमुना काढतो!

आमच्या आयाबहिणी तर बाकड्यावर नाहीतच. त्यांची मिश्री कोण मोजतो? बाई इथं येते ती नवऱ्याचा केसपेपर धरून.

मी दारूची आरती करत नाही. २०१५ ला मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं खाल्ली. मिथेनॉल होतं, डोळेही घेतं आणि जीवही. पण 'मर्द असशील तर आजच सोड' म्हणून वस्तीत शपथा देणाऱ्या पुढाऱ्यांनो, ऐका. रोजच्या पिणाऱ्याची एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात. त्यात माणूस मरतो. त्याला शपथ नको, खाट पाहिजे, गोळ्या पाहिजेत.

खाट कुठाय? २०१९ ला केंद्र सरकारच्याच सर्वेक्षणानं सांगितलं : दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसला तरी इलाज मिळतो. क्लिनिकचा सगळा हिशेब त्या एकावरून. उरलेले ३७ फुटपाथवर.

आणि आमच्या राज्यात प्यायचा सरकारी परवाना कशासाठी असतो ठाऊक आहे? आरोग्य राखण्यासाठी! च्यायला.

सोबत्याला खाट मिळाली नाही. पुढच्या मंगळवारी या म्हणाले. तोवर एकदम तोडू नका, असंही म्हणाले. म्हणून संध्याकाळी त्याची क्वार्टर मीच आणली.

लिहा साहेब, संगत.