रक्तपटाची चोरटी गोडी

'ईव्हिल डेड 2' पाहिल्याचे आम्ही नागपुरातील एका साहित्यिक बैठकीत सांगितले, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी "आपणसुद्धा?" असे विचारले. जणू आम्ही गुत्त्यातूनच उठून आलो होतो! आम्ही ओशाळलो आणि 'तंत्राच्या अभ्यासाकरिता' अशी थाप मारून मोकळे झालो. ती थाप आज आम्ही परत घेतो. आम्ही तो चित्रपट मौजेकरिताच पाहिला.

सॅम रेमी यांनी 1981 मध्ये रानातील एका झोपडीत भुते उठविली. 1987 च्या दुसऱ्या भागात पुन्हा तीच झोपडी आणि तोच शापित ग्रंथ. नायकाचा हात झपाटला जातो, तो यांत्रिक करवतीने स्वतःच छाटतो, आणि तुटका हात त्याच्याशीच वैर मांडतो! भिंतीतून रक्ताचे लोट येतात. प्रेक्षक किंचाळतो व लगेच हसतो.

पहिला आक्षेप पुनरुक्तीचा. 1880 च्या दशकापासून नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती मिरवीत आले आहेत. सोबत चालू घडामोडींची टर उडविणारे बडगे असतात. इडापिडा घेऊन जाण्याची आरोळी उठते आणि मारबती जाळल्या जातात. गतवर्षी जाळलेली मारबत यंदा पुन्हा कशाला, असे इतवारीत कोणी विचारीत नाही. इडापिडा एकदाच जाळून संपत नाही, हे सर्वांस ठाऊक असते.

दुसरा आक्षेप किळसवाणेपणाचा. भरतमुनींनी सांगितलेल्या आठ रसांत हास्याबरोबर भयानक आणि बीभत्सही आहेत. शृंगार तेवढा घ्यावा आणि बीभत्साचे पान फाडावे, ही रसिकता नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अशा दृश्यांनी मन निबर होते, म्हणतात. कोवळ्या मुलांस ती दाखवू नयेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हेच आक्षेपक अपघातात चिरडलेल्या माणसाचे चित्रण भ्रमणध्वनीवर पाहतात, हळहळतात आणि चार स्नेह्यांस धाडतात. तेथील रक्त खरे असते. त्या माणसाची संमती कोणी घेतलेली नसते, आणि घरी त्याची कोणी वाट पाहत असते. पडद्यावरचा नट रंग धुऊन घरी जातो.

लाज बाळगावयाची तर कोणत्या पाहण्याची, हे विद्वानांनी ठरवावे. पुढील बैठकीत आम्ही थाप मारणार नाही.