आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. शेतकऱ्याच्या घरीही त्याच मुहूर्तावर लक्ष्मीची पूजा होते, पण पाटावर वही नसते. आपल्याकडील ग्रामीण अर्थव्यवहाराचे मर्म या लहानशा फरकात सामावलेले आहे. ज्याच्याकडे वही आहे तो देणेकरी क्वचितच असतो, आणि जो देणेकरी आहे त्याचा हिशेब बहुधा दुसऱ्याच्याच वहीत असतो.

शेगावहून संग्रामपूरकडे जाताना लागणारे वरवट बकाल हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यातील हा मुलूख कापूस-सोयाबीनचा आहे. तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीला पाणी असले तरी ते पिण्याजोगे किंवा पिकाला मानवणारे असेलच असे नाही. अशा मुलखातील कुटुंबाला दरमहा पगार मिळत नाही. मृग लागला की पैसा घराबाहेर पडू लागतो आणि वेचणी झाल्यावर तो परत येतो, तोही बाजारभाव व पावसाची कृपा असेल तर. मधल्या काळात बियाणे, खते, फवारणीची औषधे, शाळेची फी, दवाखाना आणि किराणा या साऱ्याचा भार उधारीवर पडतो. कृषी केंद्राच्या वहीत त्याची नोंद होते, दुकानदाराच्या वहीत होते, बँकेच्या खात्यात होते. नोंद होत नाही ती फक्त घरातल्या वहीत, कारण ती वहीच नसते.

याचा परिणाम काय होतो, हे इतिहासाने एकदा दाखवले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले आणि ते अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्या वेळी जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. आपण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, हे ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या लेखणीत गेला, याची ती चीड होती. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. वऱ्हाड त्या वेळी निराळ्या व्यवस्थेखाली होते, त्यामुळे हा कायदा दख्खनच्या दंगलग्रस्त जिल्ह्यांसाठी होता. तथापि धडा सर्वांसाठीच आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानेही सावकारावर हिशेब ठेवण्याचे व ऋणकोला त्याचे विवरण देण्याचे बंधन घातले आहे. मात्र मिळालेले विवरण बरोबर की चूक, हे पडताळण्यासाठी आपल्याजवळ स्वतःची नोंद हवी. ती नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

हिशेब डोक्यात असतो, वही कशाला, असे अनेक जण म्हणतात. माणसाची स्मृती मात्र या कामी फारशी विश्वासू नाही. देशातील कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही हा अनुभव आला. अन्नावर किती खर्च झाला, हा प्रश्न सात दिवसांसाठी विचारला तर एक उत्तर येते आणि तीस दिवसांसाठी विचारला तर दुसरे, कमी भरणारे येते. १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारले गेले, आणि देशात गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये पुढे दीर्घकाळ वाद झाला. २०२२-२३ च्या पाहणीत म्हणूनच एका कुटुंबाकडे तीन वेगवेगळ्या भेटी देऊन प्रश्न विभागण्यात आले. महिन्याभरापूर्वीचा भाजीचा खर्च जिथे आठवत नाही, तिथे जूनमधील उधारीचा आकडा डिसेंबरमध्ये कसा आठवणार?

समजा, एखाद्या कुटुंबाने जूनमध्ये ४०,००० रुपयांचे सामान उधारीवर घेतले आणि त्यावर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज ठरले. डिसेंबरमध्ये फेडताना व्याजाचे ४,८०० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. त्या भावाने हे व्याज म्हणजे सुमारे ५९ किलो कापूस होय. तो वेचण्यासाठी मजुरी द्यावी लागली, ती वेगळीच. ‘शेकडा दोन’ हा शब्द कानाला हलका वाटतो. वहीत उतरला की त्याचे वजन कळते. मुदतीत फेडलेल्या पीककर्जावर केंद्राच्या सवलतीनंतर व्याजाचा दर वर्षाला चार टक्के पडतो, हेही त्याच पानावर लिहिले तर कोणते कर्ज आधी आणि कोणत्या तारखेपूर्वी फेडायचे, याचा निर्णय सोपा होतो.

घरच्या अंदाजपत्रकासाठी मोठे शिक्षण लागत नाही. शेतीचा व घराचा जमाखर्च वेगळ्या पानांवर असावा, कारण दोन्ही एकत्र झाले की शेती तोट्यात गेली की लग्नात पैसा गेला, हे कधीच उमगत नाही. देणे-घेणे तिसऱ्या पानावर तारखेसह असावे. शेतकरी कुटुंबाचे अंदाजपत्रक महिन्याचे नसावे, ते मृगापासून मृगापर्यंतचे असावे. आठवड्यातून एकदा, आठवडी बाजार आटोपल्यावर, हातातील रोकड वहीशी ताडून पाहावी. फरक आला तर तो ‘किरकोळ’ या नावाखाली दडपू नये. गळती बहुतेक वेळा त्याच शब्दामागे लपलेली असते. आता मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यामुळे निम्मी नोंद आपोआप होते खरी, परंतु रोखीचा व उधारीचा व्यवहार त्यात येत नाही.

ही वही कोणी लिहावी? उत्तर आपल्या गावांत तयार आहे. महिला बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्यासह पाचवे सूत्र अद्ययावत हिशेबलेखनाचे आहे. गटाची वही नेटकेपणाने सांभाळणारी गृहिणी स्वतःच्या घरातील देण्यांबाबत अंधारात असावी, हा विरोधाभास आहे. कुटुंबावर कर्ज किती, हे घरातील कर्त्या पुरुषालाच ठाऊक असणे ही प्रतिष्ठा नव्हे. ते ओझे एकट्याने वाहणाऱ्या माणसाचे काय होते, हे विदर्भाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

उत्पन्नच अपुरे असेल तर हिशेब काय करणार, हा आक्षेप खोटा नाही. वहीमुळे पाऊस पडत नाही व भावही वाढत नाही. २०२३ च्या जुलैमधील अतिवृष्टीने संग्रामपूर तालुक्यातील शेते खरवडून नेली, त्यावर कोणत्याही अंदाजपत्रकाचा इलाज नव्हता. धोरणांचे उत्तरदायित्व शासनाचेच आहे. परंतु शासनाकडे भाव मागतानाही उत्पादनखर्च सांगावा लागतो, आणि हमीभावाच्या गणितात घरच्या माणसांच्या श्रमाचीही किंमत धरली जाते. आपल्या शेतावर ते श्रम किती दिवसांचे, हे आपल्याखेरीज कोण लिहिणार?

संकट आल्यावर कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो तो आपण नेमके कुठे उभे आहोत हा. त्याचे उत्तर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन विचारावे लागू नये. येत्या लक्ष्मीपूजनाला प्रत्येक शेतकऱ्याच्या पाटावर एक वही असावी, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात घरातील सर्वांच्या साक्षीने खरे आकडे पडावेत.