लॉजवर मागावं कसं?

माता-भगिनींनो, मिरजेला दवाखान्यासाठी किंवा साताऱ्याला लग्नकार्यासाठी गेलं की लॉजवर उतरावं लागतं. तिथं हक्क कोणता आणि उपकार कोणता, हे ओळखावं. १९०१ साली मसूर स्टेशनावरून वडिलांकडे निघालेल्या बाल भीमरावांना वाटेत टोलनाक्यावर प्यायला पाणीही मिळालं नाही. पुढं संविधानाच्या १५ व्या कलमानं हॉटेलचं दार सर्वांना उघडलं. म्हणून खोली, पाणी मागताना मान खाली घालू नका. जात पाहून नकार आला, तर जाब विचारा. मात्र पेशंटसाठी पेज शिजवून हवी, रात्री दूध तापवून हवं, तर "दादा, जमेल का? पैसे किती होतील?" असं आधीच विचारा. नाही म्हणाले तर रागावू नका. राबणारा वेटरही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. जयभीम!