दृष्टांत गोड, पण सूत्र कोणते?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी तुर्कस्तानातील इझनिक येथे विविध ख्रिस्ती पंथांच्या प्रमुखांसमवेत प्रार्थना केली. या गावाचे प्राचीन नाव नायसिया. इ.स. ३२५ मध्ये येथे भरलेल्या विश्वपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त ही भेट होती. तिची चर्चा प्रामुख्याने ख्रिस्ती ऐक्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु त्या परिषदेचा आपल्या धर्मग्रामातील रविवारच्या प्रवचनाशी, धर्मशिक्षणाच्या वर्गाशी आणि घरातील सायंप्रार्थनेशीही निकटचा संबंध आहे. श्रद्धेचे सत्य सामान्य माणसाच्या मनात कोणत्या चित्राने उतरवावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

प्रवचनाला चित्र हवे, याविषयी दुमत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ रोजीच्या जाहीर भेटीत धर्मगुरूंना सांगितले होते की, प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये आणि त्यात एक प्रतिमा, एक विचार व एक भावना असावी. स्वतः प्रभू येशूने पेरणारा, खमीर, हरवलेले मेंढरू अशा रोजच्या जीवनातील गोष्टींतून देवराज्य उलगडून दाखवले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच वाट धरली. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी तारणाचा इतिहास मराठी ओवीत गायिला आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा लोकांच्या ओठांवरचाच शब्द स्वीकारला.

मराठी मातीला दृष्टांताची परंपरा त्याहूनही जुनी आहे. महानुभाव पंथातील 'दृष्टांतपाठ' या प्राचीन ग्रंथाची रचना या संदर्भात मननीय आहे. त्यात प्रथम सूत्र, म्हणजे सांगावयाचे तत्त्व येते. मग दृष्टांत, म्हणजे कथा येते. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे कथेचे तत्त्वाशी असलेले नाते स्पष्ट केले जाते. आजच्या आपल्या प्रवचनांची आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या 'बोधकथां'ची अडचण हीच की, त्यांत मधला दृष्टांत तेवढा उरतो. सूत्र हरवते, दार्ष्टांतिक राहून जाते.

एक उदाहरण पाहू. प्रायश्चित्तकाळात ही कथा वारंवार ऐकू येते. रेल्वेचा उघडमीट होणारा पूल सांभाळणारा एक माणूस असतो. गाडी भरधाव येत असताना त्याचा लहान मुलगा खेळता खेळता पुलाच्या यंत्रात अडकतो. बाप काळजावर दगड ठेवून पूल बंद करतो. मुलगा चिरडला जातो, प्रवासी वाचतात. देवपित्याने आपल्यासाठी असेच केले, असे सांगून कथा संपते. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात.

परंतु ही कथा सत्य किती सांगते? पहिली गोष्ट म्हणजे, त्या मुलाला काही ठाऊकच नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मात्र येशू स्पष्ट सांगतो की, त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही. तो स्वतः होऊन अर्पण करतो. दुसरे असे की, कथेतील बाप अपघाताने पेचात सापडतो. ख्रिस्ताचे क्रूसावरील अर्पण हा पेचातून काढलेला मार्ग नव्हे, ती प्रीतीची कृती आहे. तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे, या कथेत बाप सुरक्षित राहतो आणि मरतो तो दुसराच कोणी. पुनरुत्थानाला तर तिच्यात जागाच नाही. ती ऐकणारे एखादे मूल मनात म्हणत असेल, 'अशा वेळी देव मलाही सोडून देईल का?'

नेमक्या याच ठिकाणी नायसियाची परिषद आपल्या मदतीला येते. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून खालच्या पायरीवरचा, असे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवीत होता. हे मत त्याने खलाशांसाठी, जात्यावरच्या कष्टकऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गीतांतून पसरवले, असे फिलोस्टॉर्जियस या प्राचीन इतिहासकाराने नोंदवले आहे. चुकीचे मतही गोड चालीवर लोकांच्या ओठी सहज बसते, हा त्यातला धडा.

परिषदेने विश्वासांगीकारात पुत्राला प्रकाशापासूनचा प्रकाश म्हटले. हाही एक दृष्टांतच. दिव्याने दिवा लावला तरी पहिला दिवा उणा होत नाही, हे कोणत्याही घरात कळते. पण धर्मपित्यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. बायबलमधील शब्दांचा आणि प्रतिमांचा एरियसचे अनुयायी आपल्या सोयीचा अर्थ लावतात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असे निःसंदिग्ध सूत्र त्याला जोडले. म्हणूनच क्रूसाकडे पाहताना, देवाने दुसऱ्या कोणाला तरी पुढे केले असे आपण म्हणत नाही. तिथे देवपुत्र स्वतः आपल्यासाठी जीव देत आहे आणि पौलाने करिंथकरांना लिहिल्याप्रमाणे, ख्रिस्तामध्ये देवच जगाचा स्वतःशी समेट करीत आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. एखाद्या घरी लहान मूल दगावले की सांत्वन करणारे म्हणतात, 'देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फूल हवे होते.' हेतू चांगला असतो. पण त्या मातेच्या मनात जे चित्र उमटते, ते फूल खुडणाऱ्या देवाचे. ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, मृत्यू देवाने निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही. लाझरसाच्या कबरेपाशी येशू रडला. नाईन गावच्या वेशीवर विधवेला पाहून त्याला कळवळा आला. दुःखी घरात सांगण्याजोगी चित्रे ही आहेत. चुकीच्या दृष्टांतामुळे दुखावलेला माणूस कधी कधी वाद न घालता मंदिरात येणेच सोडतो, याचा आपण गांभीर्याने विचार करावयास हवा.

दृष्टांताला मर्यादा असतेच. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिकवले की, निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दिसले, तरी त्यांतील भेद त्याहून मोठाच असतो. पवित्र त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण सर्रास दिले जाते. पण एकच पाणी एका वेळी एक रूप घेते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे मात्र एकाच देवाचे आळीपाळीने घेतलेले वेश नव्हेत. त्यापेक्षा रोज हाताने काढली जाणारी क्रूसाची खूण अधिक शिकवते. आपण पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या 'नावाने' म्हणतो, 'नावांनी' म्हणत नाही. व्यक्ती तीन, नाव एक. आजीच्या मांडीवर शिकलेल्या या खुणेत नायसियाचे सारे सार सामावलेले आहे.

तेव्हा प्रवचनकारांनी, धर्मशिक्षकांनी आणि पालकांनी कोणतीही कथा सांगण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हिचे सूत्र काय? हिच्यातून दिसणारा देव शुभवर्तमानातील येशूसारखा आहे काय? आणि ही ऐकून श्रोत्याने सोमवारी सकाळी काय करावे? भाविकांनीही केवळ 'फादरांनी छान गोष्ट सांगितली' म्हणून न थांबता, त्या दिवसाचे शुभवर्तमान घरी पुन्हा वाचावे आणि कथेला त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. धर्मगुरूंकडे आदराने शंका मांडणे हीदेखील श्रद्धेचीच सेवा आहे.

प्रभूने दृष्टांत सांगितले, ते ऐकणाऱ्यांनी पित्याचे खरे रूप ओळखावे म्हणून. आपल्या मंदिरांतून आणि घरांतून सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट त्याच पित्याकडे नेणारी ठरो.