दोन दरिद्री देश आणि एक क्षेपणास्त्र

फेब्रुवारी १९९९ च्या अखेरीस इथिओपिया व एरिट्रिया यांच्या सीमेवरील आकाशात एका बाजूची सुखोई-२७ व दुसऱ्या बाजूची मिग-२९ विमाने एकमेकांवर चालून गेली. दोन्ही विमाने सोव्हिएत घडणीची, दोन्ही रशियाकडूनच आलेली, आणि दोहोंच्या पंखांखाली लटकत होते तेही एकाच कुळातले अस्त्र : आर-२७. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी सुरक्षा परिषदेने या दोन देशांना शस्त्रे विकणे तात्काळ थांबवा, असे साऱ्या राष्ट्रांना विनविले होते. विनंतीच ती, बंदी यायला मे २००० उजाडावा लागला.

१९८० च्या दशकात सोव्हिएत हवाई दलात दाखल झालेले आर-२७ हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने काटकसरीचे काम आहे. सांगाडा एक, डोके आणि इंधनाचा भाग तेवढा बदलायचा. रडारच्या लहरींचा माग काढणारे ते आर-२७आर, शत्रूच्या इंजिनाची उष्णता हुंगणारे ते आर-२७टी. मोठे इंधन बसविले की अडीचशे किलोचे अस्त्र साडेतीनशे किलोचे होते आणि त्याचा पल्ला, निदान कागदावर, शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. स्फोटक भाग मात्र जेमतेम ३९ किलोचा.

मेख आहे ती आर-२७आर मध्ये. त्याच्या डोक्यात केवळ ऐकणारा कान आहे, स्वतःचा दिवा नाही. लक्ष्यावर दिवा धरायचा तो विमानाने, आणि तोही आघात होईपर्यंत. म्हणजे दुरून मारा करण्यासाठी घेतलेले अस्त्र डागल्यावरही वैमानिकाला पाठ फिरविता येत नाही. तेवढ्या वेळात प्रतिस्पर्ध्याचे अस्त्र त्याच्याकडे निघालेले असते. त्या आफ्रिकी आकाशात दोन्ही बाजूंची बहुतेक आर-२७ वाया गेली. विमाने पडली ती मुख्यतः जवळून डागलेल्या आर-७३ ने. ज्या भूमीत १९८४-८५ च्या दुष्काळात माणसे लाखांनी मेली, तिथल्या राज्यकर्त्यांनी चुकणाऱ्या नेमासाठी परकीय चलन मोजले. याला राष्ट्ररक्षण म्हणायचे तर दिवाळखोरी कशाला म्हणायचे?

या अस्त्राचा आराखडा मॉस्कोच्या 'विम्पेल'चा, आणि ते घडविले कीएव्हच्या 'आर्त्योम' कारखान्यातील कामगारांनी. १९९१ साली संघराज्य मोडले, गुदामे वाटली गेली. २०२२ पासून रशिया व युक्रेन यांच्यात पेटलेल्या युद्धात दोन्ही हवाई दलांच्या भात्यात हेच अस्त्र आहे. भांडवली राष्ट्रांच्या शस्त्रव्यापारावर बोट ठेवणाऱ्यांनी हाही हिशेब मांडायला हवा. समाजवादाच्या नावाने घडविलेले शस्त्र बाजारात आले की गिऱ्हाईक पाहत नाही.

पुण्याच्या लोहगाव तळावर १९८७ साली मिग-२९ आली ती याच कुळातील क्षेपणास्त्रे घेऊन. चारच वर्षांत पुरवठादार देश नकाशावरून पुसला गेला आणि सुट्या भागांसाठी भारताला नव्या राजधान्यांचे उंबरठे झिजवावे लागले. घन इंधनाचे आयुष्य ठरावीक असते, न वापरताही अस्त्र म्हातारे होते, याची चर्चा खरेदीच्या वेळी क्वचितच होते. संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत अनेकदा चर्चेविना, एकगठ्ठा संमत होतात. समाजवादी सदस्यांनी निदान एवढे विचारावे : घेतलेल्या अस्त्रांपैकी मुदत संपून किती निकामी झाली, आणि त्यांच्या जागी नवी कोणाकडून, कोणत्या अटींवर घेतली?